वाणातली सिगडी

सेक्टर ६, भिलाई
२६ डिसेंबर

आत्या,

तुझ्या पायाले कोणी हात लावू नये असं डॉक्टरनं सांगितलं आहे, म्हणून नमस्कार दुरूनच करते. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे शेजारच्या कमलेशभाऊनं त्याच्या दुकानातून फोन करून कळवलं. तुले फोनवर काही ऐकू येत नाही अन् मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा आपलं पत्रच बरं. आर्वीले पोचायले तीन-चार दिवस लागतात, पण पोचतं तर खरं.

इकडे थंडी जोरात आहे. पराग फर्स्ट शिफ्टले प्लांटमध्ये जातो तेव्हा स्कूटरच्या सीटवरचं दव पुसल्याशिवाय बसता येत नाही. शेषरावबाबा, म्हणजे माझे सासरे, रिटायर झाल्यापासून दहा वाजेपर्यंत रजई सोडत नाहीत. घरात आम्ही तिघंच. भांडी-झाडूले चंपा येते, कोहक्याच्या वस्तीतून, पायी.

आता कामाचं सांगते. लग्नानंतरची माझी ही पहिली संक्रांत. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या मराठी बाया मले हळदीकुंकवाले बोलावतात, पण अजून कोणी मनापासून बोलत नाही. त्यांच्यासाठी मी अजून आर्वीकडून आलेली नवी सूनच आहे. प्लास्टिकचे डबे अन् स्टीलच्या वाट्या वाण म्हणून सगळ्याच देतात. मले वाटते, आपण हातानं बनवलेलं काही द्यावं, स्वस्तात होणारं पण थंडीत कामी येणारं. तू पस्तीस वर्षं शाळेत पोरींना हेच शिकवलं. मले सांग, काय करू?

तुझी
मोनाली

—

आर्वी
३१ डिसेंबर

मोनाली,

तुझं पत्र आलं आणि मी पलंगावरूनच शाळा भरवल्यासारखं झालं. दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं जड असतं, सकाळी लिहिलेलं संध्याकाळी आठवत नाही. तेव्हा काही चुकलं तर सुधारून घे.

पहिलं, मोजे. जुन्या स्वेटरच्या बाह्या कोपरापासून काप. मनगटाची पट्टी वर ठेव आणि कापलेलं टोक आतून शिवून टाक. झाले मोजे. विणायची गरज नाही. हे तू शेषरावांसाठी कर.

दुसरं, खायचं. तीळ आणि जवस निम्मे निम्मे, वेगवेगळे भाज. जवस तडतडायला लागले की लगेच उतरव, नाहीतर कडवट होतात. गुळाच्या पाकात थोडी सुंठ घाल आणि तूप लावलेल्या ताटात थाप. गरम असतानाच वड्या काप.

तिसरं, तुझं वाण. मला सुचतं ती डब्याची सिगडी. तेलाचे पाच किलोचे रिकामे डबे हलवायाकडे मिळतात. डब्याच्या खालच्या अंगाला हवा जायला हातभर नव्हे, चार बोटांचा चौकोन काप. मध्ये तारेची जाळी बसव. आतून पिवळी माती, भुसा आणि थोडं शेण कालवून बोटभर जाड लेप दे आणि सावलीत वाळव. बाहेरून गेरू आणि चुन्याची नक्षी काढ, तुझा हात चांगला आहे. लाकडी कोळसा बाहेर पेटवायचा, लाल झाला की आणायचा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बंद खोलीत ती कधीच ठेवायची नाही. दार किंवा खिडकी उघडी पाहिजे. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस बसल्या जागी जातो. वाण देताना हे प्रत्येकीला सांग.

हलव्याचे दागिने कमलेशच्या हातून पार्सलने पाठवते आहे. काळी साडी नेसून घालशील. फोटो पाठवू नकोस, मला दिसत नाही. कसं दिसलं ते लिही.

आत्या

—

सेक्टर ६, भिलाई
१७ जानेवारी

आत्या,

काल हळदीकुंकू झालं. कसं दिसलं ते लिही म्हणाली होतीस, तर ऐक. काळ्या साडीवर हलव्याचा हार असा उठून दिसत होता की समोरच्या क्वार्टरमधल्या विजयाकाकू मले आरशासमोर घेऊन गेल्या. लग्नापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सिगड्या अकरा बनवल्या. बारा दिवस लागले. परागनं चौकोन कापून दिले, बाबांनी जाळ्या बसवल्या, मी लेप अन् नक्षी केली. प्रत्येकीच्या डब्यावर वेगळी वेल काढली. एक घरी ठेवली अन् दहा वाटल्या. बाया आळीपाळीनं हातात घेऊन पाहत होत्या. जवसाच्या वड्याही संपल्या. जाताना विजयाकाकू म्हणाल्या, पुढच्या वर्षी महिला मंडळाच्या बायांना तू हे शिकव.

प्रत्येक सिगडीसोबत मी एक लहानशी चिठ्ठी बांधली होती, हळदीची बोटं लावून. एक तुझ्यासाठी पाठवते. त्यात असं लिहिलं आहे:

"लाकडी कोळसे अंगणात पेटवा. लाल झाले की सिगडी घरात आणा. दोन तास ऊब राहील. राख झाडांना घाला. तिळगूळ घ्या, गोड बोला."

तुझ्या पायाची सूज उतरली का? मले आज लई बरं वाटून राहिलं आहे.

तुझी
मोनाली

—

आर्वी
२१ जानेवारी, स्पीड पोस्टाने

मोनाली,

तुझं पत्र आणि चिठ्ठी आत्ता दुपारी मिळाली. चिठ्ठी तीनदा वाचली. त्यात दार-खिडकी उघडी ठेवायची गोष्ट नाही.

म्हणजे मी ती तुला लिहिलीच नाही. लहानपणापासून तुला ओळखते. मी चार ओळी सांगितल्या तर तू चारही लिहिशील. तेव्हा चूक माझी आहे. त्या गोळ्यांच्या गुंगीत मी नको ते सगळं लिहिलं आणि जीव वाचवणारं राहून गेलं.

नीट वाच. बंद खोलीत जळता कोळसा माणूस मारतो. धूर होत नाही म्हणून कळत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग उठायचं बळ राहत नाही. तुझ्या त्या क्वार्टरांना पक्क्या काचेच्या खिडक्या असतील आणि थंडीत सगळ्या लावून घेत असतील.

कमलेशला बोलावून तुला फोन लावला. तो म्हणाला, उचलला, बोला. मला ऐकू येत नाही म्हणून मी एका दमात सगळं ओरडून सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, लाइन कधीच कटली होती. माझ्या कोणत्या शब्दावर कटली ते त्याला माहीत नाही. नंतर चारदा लावला, बंद. परागचा नंबर माझ्याकडे नाही.

हे पत्र हातात पडताच उठ. दहाही घरी जा. सिगड्या परत आण. वाण परत मागू नये हे मला माहीत आहे. तरी माग. मला उठता येत नाही, नाहीतर मीच आले असते.

आत्या

—

सेक्टर ६, भिलाई
२१ जानेवारी

आत्या,

आज तुझा आवाज ऐकला अन् डोळ्यात पाणी आलं. तू "मोनाली, त्या सिगड्या" एवढंच म्हणाली अन् फोन माझ्या हातातून पायरीवर पडला. स्क्रीनच गेली. दुरुस्तीले टाकला आहे, शनिवारी मिळेल. पण तू मुद्दाम फोन लावला म्हणजे माझं पत्र तुले मिळालं अन् आवडलं हे समजलं.

तुझ्या सिगडीचं अजून एक सांगते. चंपाच्या पोरीले, करिष्माले, सर्दी-ताप आहे. नऊ वर्षांची आहे. चंपा म्हणाली, दीदी, तुमची ती गोरसी आमाले द्या. इकडे सिगडीले गोरसी म्हणतात. मी घरची होती ती तिले देऊन टाकली, कोळसेही दिले. तिची खोली लहान आहे, खिडकीही नाही, म्हणून पटकन गरम होते म्हणे. पोरीले आराम पडेल.

बाबांनी मोजे घातले. काढतच नाहीत.

तुझी
मोनाली

—

आर्वी
२४ जानेवारी

मोनाली,

तुझं २१ चं पत्र आत्ता आलं. खिडकी नसलेली खोली.

माझं स्पीड पोस्ट तुला मिळालं की नाही तेही मला कळायला मार्ग नाही. कमलेश तुझ्या नंबरावर लावतो आहे, अजून बंदच. मी त्याला म्हटलं, गाडीनं भिलाईला जा. तो संध्याकाळच्या गाडीनं निघायला तयार झाला आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते.

चंपाकडे आधी जा. बाकीच्यांकडे नंतर.

आत्या

—

सेक्टर ६, भिलाई
२८ जानेवारी

आत्या,

परागनं नंबर शोधून कमलेशभाऊच्या दुकानावर फोन केला तेव्हा तो स्टेशनले निघायच्या बेतात होता. सगळे जिवंत आहेत, एवढं त्यानं तुले कागदावर लिहून दाखवलं असेल. बाकीचं मी लिहिते. चार दिवस कागदाले हात लावता आला नाही.

तुझं स्पीड पोस्ट २४ ले सकाळी साडेदहाले आलं. मी उभ्या-उभ्या वाचलं. ज्यांना सिगड्या दिल्या त्या दहा नावांची यादी माझ्याजवळ होतीच, ती घेऊन निघाली. पहिल्या घरी सिगडीत तुळशीचं रोप लावलेलं होतं. दुसऱ्या घरी शोकेसमध्ये ठेवली होती. तिसऱ्या घरी दोन दिवसांपासून सगळ्यांचं डोकं दुखत होतं, त्यांना वाटलं थंडी बाधली. मी हात जोडून सांगितलं अन् सिगडी उचलली. विजयाकाकू दारात होत्या. त्या म्हणाल्या, "दिलेलं वाण परत नेणारी मी पहिलीच पाहिली." मी त्यांचीही सिगडी उचलली अन् पुढं गेली. कोणी हसलं, एकीनं दार लावून घेतलं, पण दहाही सिगड्या आणल्या. व्हरांड्यात ओळीनं ठेवल्या अन् मले वाटलं, झालं, वाचलो.

एक वाजला होता. बाबा बाहेर आले. म्हणाले, "चंपा आज कावून आली नाही?"

आत्या, यादीत चंपाचं नाव नव्हतं. तिले मी वाण दिलं नव्हतं, घरची सिगडी दिली होती. दहा घरं फिरली पण ती मले आठवलीच नाही.

पराग ड्यूटीवर होता. मी स्कूटर काढली, बाबा मागं बसले, मोजे घालूनच. कोहक्याच्या त्या गल्लीत चंपाच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मी हाका मारल्या. शेजारीण म्हणाली, पोरीले ताप आहे म्हणून चंपानं सकाळी गोरसी पेटवली अन् हवा लागू नये म्हणून दार लावून घेतलं. तिचा नवरा ओमप्रकाश दोन दिवसांपासून गावाले गेलेला. बाबांनी दाराले खांदा दिला. सत्तरीचा माणूस, आत्या. दुसऱ्या धक्क्यात कडी निघाली.

आत धूर नव्हता. वासही नव्हता. दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. चंपा दाराकडे तोंड करून पडली होती, उठायचा प्रयत्न केला असावा. करिष्मा खाटेवर होती, गाल लाल, जशी खेळून आली आहे. मी तिले हलवलं तर मान लोंबली. मधे सिगडी, तिच्यावर मीच काढलेली वेल.

बाबांनी अन् शेजाऱ्यांनी दोघींना बाहेर उघड्यावर आणलं. चंपाले उलटी झाली अन् तिनं डोळे उघडले. पोरीनं उघडले नाहीत. एका ऑटोवाल्यानं दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास अजून गेला असता तर दोघी गेल्या असत्या. करिष्माले ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. काल उभी केली तर पाय थरथरत होते, भिंत धरूनच चालते. डॉक्टर म्हणतात हळूहळू होईल, कधी ते सांगत नाहीत.

चंपा मले सोडत नाही. माझा हात धरून सगळ्यांना सांगते, दीदी देवासारखी आली. विजयाकाकू काल डबा घेऊन दवाखान्यात आल्या अन् म्हणाल्या, माझ्या बोलण्याचं मनात ठेवू नको. आमच्या लाइनीत सगळ्या माझंच नाव घेऊन राहिल्या.

मले झोप येत नाही. तू स्वतःले दोष देऊ नको.

मोनाली

—

आर्वी
३ फेब्रुवारी

मोनाली,

दोष देऊ नको म्हणतेस. मग कोणाला देऊ?

मी रविवारचा पोरींचा वर्ग बंद केला. बारा मुली येत होत्या, पलंगाभोवती बसून शिकत होत्या. त्यांना सांगितलं, आता घरी जा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ज्या बाईला जीवाची गोष्ट लिहायची आठवण राहत नाही, तिनं कोणाला काही शिकवू नये. एकीची आई येऊन मला समजावून गेली. मी ऐकलं नाही, आणि तसंही मला ऐकू येत नाही.

रात्रंदिवस तेच पत्र डोळ्यांपुढे येतं. मोजे लिहिले, जवस तडतडले की उतरव हेही लिहिलं. पुढे काय लिहिलं ते आठवायला जाते आणि सगळं धुकं. डॉक्टरला विचारलं, या गोळ्यांनी माणूस असं विसरतो का. तो म्हणाला, विसरू शकतो. त्यानंही समाधान झालं नाही.

चंपाची माफी मागितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तिच्यासाठी हिंदीत एक पत्र लिहिलं आहे, याच पाकिटात आहे. तिला वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव, तिच्या नवऱ्यासमोर. एकही शब्द गाळू नकोस. करिष्मासाठी टोपी विणली आहे. घेतली नाही तर आग्रह करू नकोस.

आत्या

—

सेक्टर ६, भिलाई
११ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र वाचून तू माझं तोंड पाहणार नाहीस. तरी पूर्ण वाच.

तू लिहिलं होतं. ३१ डिसेंबरचं तुझं पत्र माझ्या कपाटात आहे, त्याची झेरॉक्स सोबत पाठवते. "हे सगळ्यात महत्त्वाचं" असं म्हणून तू लिहिलं होतं. प्रत्येकीले सांग, असंही लिहिलं होतं. मी ते तेव्हाच वाचलं होतं. विसरली नव्हती.

चिठ्ठ्या लिहायले बसली तेव्हा ती ओळ समोर होती. संक्रांतीचं वाण, हळदीची बोटं लावलेला कागद, अन् त्यावर माणूस मरतो असं कसं लिहू? मले वाटलं, अपशकुन होईल. बाया म्हणतील, पहिल्याच वर्षी काय अभद्र लिहिलं. मी ठरवलं, लिहायचं नाही, तोंडानं सांगू. मग हळदीकुंकवाच्या वेळी विजयाकाकूंनी खांद्यावर हात ठेवला, सगळ्या कौतुक करत होत्या, अन् मले ते मोडवेना. सगळ्यांना माहीतच असेल, असं म्हणून मी गप्प राहिली. चंपाले देताना तर ते मनातही आलं नाही.

तुझं स्पीड पोस्ट वाचलं त्या क्षणी मले समजलं की तुले आठवत नाही. त्याच दिवशी सांगायले पाहिजे होतं. २८ चं पत्र लिहिताना दोनदा लिहिलं अन् दोनदा फाडलं. मग लिहिलं, दोष देऊ नको. त्याच्यापुढं लिहायची हिंमत झाली नाही. तू वर्ग बंद केला हे वाचलं तरी मी पाच दिवस बसून राहिली.

परवा तुझं हिंदी पत्र घेऊन कोहक्याले गेली. ओमप्रकाश घरी होता. चंपानं चहा ठेवला. करिष्मा खाटेवर बसून होती, टोपी घातली तर खाली वाकून आरसा शोधायले लागली. मी वाचायले सुरुवात केली. "चंपाबाई, सिगड़ी बनाना मैंने सिखाया. खिड़की खुली रखने की बात लिखना मैं भूल गई. गलती मेरी है." एवढं वाचलं अन् थांबली. चंपाले वाटलं, मले रडू येऊन राहिलं आहे. ती म्हणाली, तुमच्या आत्याले सांगा, भूल सगळ्यांकडून होते.

मग मी कागद खाली ठेवला अन् सगळं सांगितलं. आत्यानं लिहिलं होतं, मी पर्चीवर लिहिलं नाही, शुभ दिवस होता म्हणून.

ओमप्रकाश उठून बाहेर गेला. चंपानं गॅस बंद केला. मग म्हणाली, गावाकडे आमच्या घरात अख्खी थंडी गोरसी जळायची, काही झालं नाही, वर कवेलू होते, कौलांच्या फटींतून हवा येत होती. या पक्क्या खोलीत काय होते ते आमाले काय माहीत. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मुझे तो पढ़ना भी नहीं आता दीदी. पर्ची का मैं क्या करती. हाथ में दे रहे थे, मुँह से बोल देते."

मी माफी मागितली. ती पोरीले उचलून आतल्या बाजूले घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ती आता कामावर येणार नाही. आमच्या लाइनीत मी घरोघरी जाऊन सांगितलं की वाचवणारी मी नाही. बाबांना अन् परागलेही सांगितलं. बाबा म्हणाले, आधी तुझ्या आत्याले लिही.

तुझा वर्ग सुरू कर, आत्या. तू काही विसरली नव्हतीस.

मोनाली

—

आर्वी
१७ फेब्रुवारी

मोनाली,

तुझं पत्र आणि झेरॉक्स मिळाली. माझं अक्षर मी भिंगातून पाहिलं. आहे, लिहिलेलं आहे.

खरं सांगते. आधी मला इतकं हलकं वाटलं की मी पलंगावर उठून बसले. मग भिंत धरून चालणारी ती पोर आठवली आणि त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. त्यानंतर तुझा राग आला. तो अजून गेलेला नाही. मी वेडी होत चालले, असं मला वाटत होतं, मोनाली. रोज उठून मी स्वतःची परीक्षा घेत होते, काल काय जेवले ते आठवतं का, पाढे आठवतात का. तू हे सगळं एका ओळीत थांबवू शकत होतीस.

माफ केलं असं लिहायला मी बसले होते, कारण तू माझी आहेस. मग वाटलं, तो हक्क माझा नाही. चंपा देईल तेव्हा देईल. तिच्याआधी मी देणार नाही.

तुझ्यासाठी काम आहे. वर्ग मी सुरू करते. तूही सुरू कर, मंडळात नाही, कोहक्याला त्या गल्लीत. मोजे शिकव, टोप्या शिकव, जे स्वस्तात होतं ते शिकव. आणि दर वेळी उठण्याआधी ती गोष्ट तोंडानं सांग. बाया हसतील, कंटाळतील. तरी सांग. चंपा आली नाही तरी चालेल. तिच्या दारावरून जाताना मान वर करू नकोस, पण रस्ताही बदलू नकोस.

जेवत जा.

आत्या

—

सेक्टर ६, भिलाई
२३ नोव्हेंबर

आत्या,

दिवाळीले तू आली तेव्हा मले विचारलं होतं, चंपा बोलली का. तेव्हा नाही म्हणाली होती. आज लिहायसारखं आहे.

या आठवड्यापासून गारवा सुरू झाला. रविवारी दुपारी नेहमीसारखी कोहक्याच्या गल्लीतल्या वडाच्या पारावर गेली. चौदा-पंधरा बाया होत्या, त्यांतल्या चार नव्या. जुन्या स्वेटरच्या बाह्या अन् सुया घेऊन बसल्या. करिष्मा आता दर रविवारी येते. चालणं बरंच सुधारलं आहे, जिना चढताना मात्र अजून कठडा धरते. बायांना सुई ओवून द्यायचं काम तिचं.

काम संपल्यावर मी नेहमीचं बोलायले लागली. एवढ्या महिन्यांत मले ते पाठ झालं आहे, कदाचित म्हणूनच कोणी नीट ऐकत नाही. नव्या बाया आपसात बोलत होत्या. तेवढ्यात मागून चंपा आली. फेब्रुवारीपासून ती त्या पारावर कधी आली नव्हती. हातात भाजीची पिशवी होती. ती उभी राहिली अन् छत्तीसगढीत म्हणाली, "कोइला बारहू त कपाट ला झन ओधाहू." म्हणजे कोळसा पेटवाल तर दार लावू नका. नव्या बायांनी माना वळवल्या.

मग तिनं तिचं सांगितलं. डोकं कसं दुखायले लागलं, तिले वाटलं चहा नाही घेतला म्हणून. पोरगी आई म्हणाली अन् परत बोलली नाही. दार समोर दिसत होतं, चार पावलांवर, अन् हात उचलत नव्हता. हे सांगताना तिनं करिष्माले जवळ ओढून घेतलं. एका नव्या बाईनं विचारलं, ती गोरसी कोणी दिली होती? आत्या, मले वाटलं, आता ती माझं नाव घेईल. तिनं घेतलं नाही. ती माझ्याकडे वळली अन् म्हणाली, "आगे का आप बताओ."

मी उठली. चिठ्ठी लिहायले बसली होती तिथपासून सांगितलं, काही गाळलं नाही. विजयाकाकूंचा हात खांद्यावर होता तेही सांगितलं. चंपा पिशवी खाली ठेवून ऐकत होती. मी संपवलं तेव्हा ती पारावर बसली, अन् शेजारच्या बाईच्या हातातला अर्धा शिवलेला मोजा घेऊन पाहायले लागली.

मोनाली